परतीची बोट

व्हेनिसहून बेटं पाहायला निघालेला माणूस धक्क्यावर पोचला की आधी शेवटची बोट कधी आहे ते विचारतो. तिकीट मग काढतो. हा क्रम बरोबर आहे. बेटावर जाणं कुणालाही जमतं. ते बेट आपल्यासाठी काय ठरणार, हे परत येण्यावर असतं.

परतीची बोट हाताशी असेल तर बेट म्हणजे सहल. नसेल तर तेच बेट कुणाला कैद, कुणाला आसरा, कुणाला शेवटचा मुक्काम. जमीन तीच, पाणी तेच, अंतरही तेच.

*

फोंदामेन्ते नोव्हे हा शहराच्या उत्तर कडेचा धक्का. संगमरवरी महाल आणि गोंडोला मागे राहतात. समोर उघडं पाणी, आणि हिवाळ्यात हवा स्वच्छ असेल तर त्यापलीकडे आल्प्सचा बर्फ. इथून वापोरेत्तो सुटतात. वापोरेत्तो म्हणजे इथली बस. फरक इतकाच की ती पाण्यावर चालते.

प्रत्येक थांब्याला खलाशी जाड दोराचा फास धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर टाकतो. इंजिन ओढ घेतं, दोर ताणून करकरतो, बोट कडेला येऊन टेकते. तो कठडा सरकवतो, आधी उतरणाऱ्यांना वाट देतो, मग चढणाऱ्यांना, आणि एका झटक्यात दोर मोकळा करतो. दिवसभर तो हेच करतो. जी गाठ चटकन सुटत नाही, ती खलाशाच्या कामाची नाही.

पाणी उथळ आहे. साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या या खाऱ्या पाण्यात बहुतेक ठिकाणी माणूस उभा राहील एवढीच खोली. ओहोटीला खाजणं उघडी पडतात, बगळे चालताना दिसतात. बोटींची वाट ओकाच्या खांबांनी आखलेली असते, दोन-दोन, तीन-तीन खांब एकत्र बांधलेले. त्यांच्या आत राहिलं तर वाट, बाहेर गेलं तर चिखल. चौदाव्या शतकात जिनोव्हाचं आरमार चालून आलं तेव्हा व्हेनिसने हे खांब उपटून टाकले. तटबंदी नसलेल्या शहराची तटबंदी ती. पाणी सगळ्यांना दिसत होतं, वाट फक्त घरच्यांना.

आणि हे पाणी असंच राहावं म्हणून व्हेनिसने शतकानुशतकं खपून नद्या वळवल्या. ब्रेन्ता, सिले, पियावे यांचा गाळ आत येत राहिला असता तर बेटं जमिनीला जोडली गेली असती. या शहराने कष्ट करून आपलं एकटेपण राखलं.

*

पहिला थांबा स्मशानाचा. सान मिकेले. विटांची भिंत थेट पाण्यातून उठलेली, तिच्यामागे सायप्रसची उंच झाडं.

नेपोलियनच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शहरातल्या चर्चच्या आवारात पुरणं बंद झालं आणि मेलेल्यांना पाण्यापलीकडे पाठवायचं ठरलं. तेव्हापासून व्हेनिसचा माणूस शेवटचा प्रवासही बोटीनेच करतो.

इथे उतरणारे दोन प्रकारचे असतात: नकाशा घेतलेले आणि फुलं घेतलेले. फुलं घेतलेले वाट विचारत नाहीत.

नकाशावाले संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीकडे जातात. तो 1971 मध्ये न्यूयॉर्कला वारला, पण त्याला इथे आणून पुरलं, कारण बॅलेचा निर्माता द्यागिलेव्ह 1929 पासून इथे होता. ज्याने आपलं संगीत पहिल्यांदा रंगमंचावर आणलं त्याच्या शेजारी जागा मागणं, याहून मोठं ऋण कुणी कबूल केल्याचं मला ठाऊक नाही. द्यागिलेव्हच्या थडग्यावर नर्तक आपले वापरलेले बूट ठेवून जातात. पावसाने त्यांचं गुलाबी सॅटिन करडं पडतं, नाड्या दगडाला चिकटतात. नवे बूट कुणी ठेवत नाही. झिजलेलीच वस्तू इथे शोभते.

साध्या माणसाला मात्र ही जमीन कायमची मिळत नाही. ठराविक वर्षं झाली की हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक अस्थिगृहात ठेवतात, आणि जागा दुसऱ्याला देतात. लहान बेटावर चिरविश्रांतीलाही मुदत असते.

*

मुरानो हे आगीचं बेट. 1291 मध्ये हुकूम निघाला की काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानोला न्याव्यात. दाटीवाटीचं, लाकूड भरपूर असलेलं शहर, आणि कधीच न विझणारी भट्टी. भीती खरी होती. पण भीतीपोटी केलेल्या व्यवस्थेचा दुसरा उपयोग राज्यकर्त्यांच्या लौकरच ध्यानात आला. सगळे कारागीर एका बेटावर असले की गुपितं सांभाळणं सोपं. पुढे परवानगीशिवाय राज्य सोडणं हा काचेच्या कारागिरासाठी गुन्हा ठरला. त्याबदल्यात त्याला मान मिळाला. त्याच्या मुलीचं लग्न उमरावाशी झालं तर तिच्या मुलांच्या उमरावपणाला बाध येत नसे.

मान देऊन बांधलेला माणूस बांधलेला आहे हे बाहेरून कळत नाही. त्याच्या स्वतःच्या मात्र दर संध्याकाळी ध्यानात येत असणार, शहराचे दिवे समोर लागले की.

1665 च्या सुमारास फ्रान्सचा मंत्री कोल्बेअर याने मुरानोचे आरसे करणारे काही कारागीर गुपचूप पॅरिसला नेले. व्हेनिसच्या राजदूताने त्यांच्या मागे लागून माफीचं आश्वासन दिलं, मनधरणी केली. त्यांतले कित्येक परतलेही. पण तोवर फ्रेंच हात आरसे करायला शिकले होते. माणूस परत आणता येतो, हुन्नर नाही. पुढे व्हर्सायच्या महालात जे आरसे लागले ते फ्रान्समध्ये झालेले होते.

भट्टीसमोर प्रवाशांना घोडा करून दाखवतात. लोखंडी नळीच्या टोकाला नारिंगी, लोंबणारा गोळा. कारागीर नळी सतत फिरवत ठेवतो, फिरवणं थांबलं की गोळा जमिनीकडे ओघळतो. चिमट्याने एक ओढ दिली: मान. टोक चिमटलं: नाकपुड्या. कापलं, ओढलं, वाकवलं: पुढचे पाय. गोळा एव्हाना नारिंगीचा तांबडा झालेला असतो, घाई करावी लागते. एक-दोन मिनिटांत घोडा मागच्या पायांवर उभा असतो. टाळ्या पडतात.

तो घोडा विकत मिळत नाही. काच बाहेरून आधी निवते, आतून उशिरा. दोन्हींची ओढाताण झाली की तडकते. म्हणून तिला दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवून तास न् तास हळूहळू निववावं लागतं. दुकानातून आपण घेतो तो घोडा आधीच्या कुठल्या तरी दिवसाचा. आज घडलेलं आज नेता येत नाही. दिवसाच्या सहलीला आलेल्याने मुरानोवर एवढं एक पाहिलं तरी पुष्कळ.

भट्टी चोवीस तास पेटती राहते, वर्षाकाठी फक्त ऑगस्टमध्ये दुरुस्तीसाठी विझवतात. 2022 मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा कित्येक भट्ट्या थंड पडल्या. सात शतकांपूर्वी आग लागेल म्हणून घाबरलेलं शहर त्या वर्षी आग विझेल म्हणून घाबरलं होतं.

*

एका दिवसात सगळी बेटं होत नाहीत. करूही नयेत. तीन केली तर तिन्हींचे धक्के पाहून होतात. दोन पुरेत, एक उत्तम.

जो एकाच बेटावर दिवस काढतो त्याला दुपारी दीडचा बुरानो दिसतो आणि संध्याकाळी सहाचाही. दीड वाजता कालव्याच्या दोन्ही काठांना पाऊल ठेवायला जागा नसते. सहाला बायका दाराबाहेर खुर्च्या टाकतात. गर्दीतलं गाव गावच असतं, पण ते श्वास धरून बसलेलं असतं.

बुरानोवर लोक घरांचे रंग पाहायला येतात. जांभळं, त्याला खेटून पिवळं, त्याला खेटून हिरवं. धुक्यात कोळ्याला आपलं घर लांबून ओळखता यावं म्हणून ही पद्धत पडली, असं तिथे सांगतात. मला ही समजूत प्रिय आहे. तिच्यात परतणाऱ्याची काळजी आहे. घराचा बाहेरचा रंग आत राहणाऱ्याला दिसतच नाही. तो येणाऱ्यासाठी असतो.

पण बुरानोचं खरं काम सुईचं. इथली लेस कापडावर विणत नाहीत. नक्षीचा कागद कापडाच्या दोन पदरांवर ठेवून नक्षीच्या रेषेवर आधाराचा दोरा टाचून घेतात. त्यापुढचा एकही टाका कापडात जात नाही. सुई त्या दोऱ्याला धरून हवेतच जाळी भरत जाते, आणि या कामाला तिथे नावही ‘हवेतला टाका’ असंच आहे. एका नमुन्यावर बऱ्याच जणी काम करतात, कारण प्रत्येकीचा टाका वेगळा: एक बाहेरची रेष टाकणार, एक भरणार, एक जोडणार. शेवटी कापडाच्या दोन पदरांमध्ये पातं घालून टाचे कापतात आणि लेस सुटी होते. ज्याच्या आधाराने उभं राहिलं त्यापासून सुटलं की काम पुरं.

1872 चा हिवाळा कडक होता. पाणी गोठलं, मासेमारी थांबली, बेटावर उपासमार झाली. शहरातल्या काही प्रतिष्ठितांनी मदत म्हणून लेसची शाळा काढायचं ठरवलं, काउंटेस आद्रियाना मार्चेल्लो त्यांत पुढे होती. तोवर ही कला जवळजवळ मेली होती. जुना टाका येणारी एकच बाई उरली होती, सत्तरीतली चेंचा स्कार्पारिओला. तिला शिकवता येत नव्हतं. तिच्या हातांना येत होतं, तोंडाला सांगता येत नव्हतं. मग आन्ना बेल्लोरियो देस्ते ही शाळेतली शिक्षिका तिच्या शेजारी बसली, तिचे हात पाहत राहिली, स्वतः शिकली आणि मग तिने मुलींना शिकवलं.

एवढ्याशा धाग्यावर ती कला परत आली. मला या गोष्टीत सुईपेक्षा बसणं मोठं वाटतं. ज्यांची विद्या हातात असते त्यांना प्रश्न विचारून उपयोग नसतो, त्यांच्या शेजारी बसावं लागतं. ती शाळा सुमारे शंभर वर्षं चालली. आज तिथे संग्रहालय आहे, आणि काही वेळा तिथे म्हाताऱ्या बायका मांडीवर उशी घेऊन काम करत असतात. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. फोटोला क्षण पुरतो, टाक्याला दुपार लागते.

*

बुरानोहून पाच मिनिटांवर तोर्चेल्लो. बोटीतून उतरलं की एकच वाट, कालव्याच्या कडेने. कठडा नसलेला एक पूल. मग गवत, आणि गवतात चर्च.

व्हेनिस ज्यावरून झालं ते हे बेट. मुख्य भूमीवरच्या आल्तिनो गावचे लोक आक्रमणांना भिऊन इथे आले. चर्चमधला शिलालेख 639 सालचा आहे. तेव्हा व्हेनिस या नावाचं शहर नव्हतं. पुढे इथे हजारो लोक राहिले, व्यापार झाला, मठ झाले. मग गाळ साचला, पाणी कुजलं, डास झाले, हिवताप आला. लोक उठून आजचं व्हेनिस आहे त्या रिआल्तोकडे गेले. जाताना माणसं गेली, मागाहून दगडही गेले. व्हेनिसला बांधायला चिरे हवे होते आणि इथली घरं ओस पडली होती. आज तोर्चेल्लोवर राहणारे बोटांवर मोजण्याइतके.

आईच्या घरातलं सामान मुलीने नेलं, असं याकडे पाहता येईल. नेणाऱ्याला गरज होती, देणाऱ्याला विरोध करायची ताकद नव्हती. तरी ते घर आईचंच.

चर्चच्या पूर्वेकडच्या अर्धगोलात सोनेरी पार्श्वभूमीवर मेरी उभी आहे, निळ्या वस्त्रात, बाळ येशूला घेऊन. त्या सोन्यात आजूबाजूला दुसरं कुणी नाही. एवढं सोनं आणि इतकं एकटेपण एकत्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. माणूस आत येतो तो तिच्याकडे पाहत, आणि बाहेर जायला वळतो तेव्हा समोरची अख्खी भिंत त्याच्या अंगावर येते: शेवटच्या निवाड्याचा दिवस, अकराव्या-बाराव्या शतकातली चिपांची चित्रं. तळाशी नरक, चौकोन पाडलेला. एका चौकोनात कवट्या, त्यांच्या डोळ्यांच्या खोबणींतून साप निघालेले.

पण त्याच भिंतीवर एक जागा आहे, तिथे मला थांबावं लागतं. देवदूत शिंगं फुंकतात आणि रानातली जनावरं, समुद्रातले मासे, आपण खाल्लेली माणसं परत करतात. कुणाच्या जबड्यातून हात बाहेर येतो, कुणाच्या तोंडून डोकं. ज्या गावचे पुरुष बोटी घेऊन बाहेर जात आणि त्यांतले कित्येक परत येत नसत, त्या गावाने आपल्या देवळात हे काढून घेतलं. समुद्राने नेलेलं समुद्राला परत द्यावं लागेल. धर्मशास्त्र काहीही म्हणो, ही मागणी मला कोळणीची वाटते.

*

आता ती बेटं, जिथे माणसं स्वतःहून गेली नाहीत.

1423 मध्ये व्हेनिसने प्लेगच्या रोग्यांसाठी एक बेट वेगळं काढलं, लाझारेत्तो वेक्यो. 1468 मध्ये दुसरं, लाझारेत्तो नुओव्हो. हे रोग्यांचं नव्हतं, संशयितांचं होतं. साथीच्या बंदरांतून आलेली गलबतं इथे थांबत. चाळीस दिवस, साधारण. माल एका प्रचंड गोदामात उघडून पसरत, जुनिपर आणि रोझमेरीचा धूर देत. शहर समोर दिसत असे. बायकोमुलं असलेलं शहर, पाण्यापलीकडे, हाकेच्या बाहेर.

त्या गोदामाच्या भिंतींवर आजही लाल अक्षरं आहेत. व्यापाऱ्यांनी, हमालांनी, पहारेकऱ्यांनी लिहिलेली. नावं, वर्षं, मालावर मारायच्या खुणा, सायप्रसहून आलो, कॉन्स्टँटिनोपलहून आलो. चित्रं आहेत. तक्रार फार थोडी. वाट पाहणारा माणूस मोठ्या गोष्टी लिहीत नाही. तो नाव लिहितो आणि तारीख लिहितो.

या लाल अक्षरांसमोर मराठी माणसाला मार्च 2020 आठवतो. परदेशाहून उतरलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला महाराष्ट्रात शाईचा शिक्का मारत होते: घरीच राहायचं, अमुक तारखेपर्यंत. मला त्या शिक्क्याबद्दल राग नाही. सहा शतकांपूर्वीच्या व्हेनिसबद्दलही नाही. रोगाचं कारण ठाऊक नसताना त्यांनी अंतर आणि मुदत एवढीच औषधं शोधली, आणि ती बरीचशी बरोबर होती. फरक एवढाच की भिंतीवरचं नाव माणसाने स्वतः लिहिलं. हातावरची तारीख दुसऱ्याने.

मुदत ठाऊक असेल तर माणूस पुष्कळ सोसतो. चाळीस हा आकडा क्रूर नाही. आकडा नसणं क्रूर.

आकडा नव्हता तो सान सेर्वोलोवर. 1725 पासून इथे मनोरुग्ण आणू लागले, पुढे 1873 मध्ये बायकांसाठी सान क्लेमेन्ते हे वेगळं बेट झालं. इथल्या संग्रहालयात साखळ्या आहेत, विजेची यंत्रं आहेत, आणि रोग्यांचे जुने फोटो. त्या फोटोंसमोर एक गोष्ट माहीत असायला हवी. एकोणिसाव्या शतकात इथे येणाऱ्यांत पेलाग्राचे रोगी पुष्कळ होते. व्हेनेतोचा गरीब शेतकरी वर्षभर मक्याच्या पिठावर जगायचा. त्या आहारातून एक जीवनसत्त्व मिळत नाही, त्याच्या अभावी कातडी सोलपटते आणि शेवटी बुद्धी भ्रमते. म्हणजे त्यांतल्या कित्येकांना वेड नव्हतं, भूक होती. नीट जेवण मिळालं की ते सुधारत, घरी जात. घरी पुन्हा मकाच असे.

भुकेल्याला वेडा ठरवून बेटावर ठेवणं सोपं असतं, कारण मग शेताकडे पाहावं लागत नाही.

1978 मध्ये इटलीने कायदा करून मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. त्या कायद्यामागचा डॉक्टर फ्रांको बासाल्या 1924 मध्ये व्हेनिसमध्येच जन्मलेला. लहानपणी त्याने ही बेटं पाण्यापलीकडे पाहिली असणारच. आज सान क्लेमेन्तेवर उंची हॉटेल आहे, आणि पाहुण्यांची ने-आण करायला त्याची स्वतःची बोट आहे. ज्या बेटावरून परत यायला शतकभर बायकांना बोट मिळाली नाही, तिथे आता मागितली की मिळते. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जागेला नवं आयुष्य मिळावं. पण तिथे झोपणाऱ्याला आधी कोण झोपलं होतं ते कुणी तरी सांगायला हवं, नाश्त्याच्या आधी.

*

सान लाझारोचं उलट आहे. तिथे माणसं परत जाण्यासाठी आलीच नव्हती. मागे जायला काही उरलं नव्हतं.

मेखितार हा आर्मेनियन साधू, आनातोलियातल्या सिवासचा. ग्रीसमधल्या मोदोनला त्याने मठ बांधला, ऑटोमन फौजा आल्या, मठ गेला. शिष्यांना घेऊन तो व्हेनिसला पोचला आणि 1717 मध्ये राज्याने त्याला हे ओसाड बेट दिलं. पूर्वी ते महारोग्यांचं होतं. शहराने ज्याला टाकलं होतं ते दान म्हणून दिलं, आणि घेणाऱ्याने तिथे आर्मेनियन भाषेचं घर उभं केलं: व्याकरण, कोश, छापखाना, हजारो हस्तलिखितं. 1816 मध्ये बायरन शहरातून होडी वल्हवत येई आणि साधूंकडे आर्मेनियन शिके. नेपोलियनने मठ बंद केले तेव्हा हा वाचला. पुढे याच साधूंची व्हेनिसमध्ये शाळा झाली, 1836 मध्ये, आणि तिला पैसा मद्रासच्या दोन आर्मेनियन व्यापाऱ्यांनी ठेवला होता. देश नसलेली माणसं एकमेकांना समुद्रापलीकडून ओळखतात.

मे महिन्यात साधू गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा करतात. आपल्या गुलकंदाहून पातळ, आंबटसर. बाटली घेऊन यावी.

सान्त एरास्मोबद्दल थोडंच. तिथे पाहण्यासारखं काही नाही, आणि तेच पाहण्यासारखं आहे: शेतं, सायकली, जांभळे आर्टिचोक. वसंतात झाडाची पहिली शेंड्याची कळी खुडतात, म्हणजे खालचे भरतात. शहराची भाजी इथून जाते. सगळी बेटं नाकारलेल्या गोष्टींची नसतात. एखादं शहराला जेवू घालतं.

*

25 एप्रिल 2024 पासून व्हेनिसने ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्याकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. रात्री मुक्काम करणाऱ्याला ही फी नाही. मुरानो, बुरानो, तोर्चेल्लोवर जाणाऱ्यालाही नाही. शहराने माणसाची ओळख त्याच्या रात्रीवरून ठरवली. मला यात न्याय दिसतो. दिवस कुणीही कुठेही काढतो. जिथे रात्र काढतो तिथल्या पाण्याची, कचऱ्याची, शेजाऱ्याच्या खोकल्याची त्याला काळजी असते.

पण रात्र काढणारेच कमी होत आहेत. 1951 मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. 2022 मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. एका औषधाच्या दुकानाच्या काचेत हा आकडा दिव्यांनी लावलेला असतो. जाणारे लांब जात नाहीत. पूल ओलांडून मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला जातात, तिथे घर परवडतं, लिफ्ट असते, भाजी पुलांवरून उचलून आणावी लागत नाही. सकाळी कामाला व्हेनिसमध्ये येतात, संध्याकाळी परत जातात. आपल्याच गावात दिवसाच्या सहलीला आल्यासारखे. त्यांच्यावर दोष ठेवता येत नाही. तोर्चेल्लोही असंच रिकामं झालं होतं, एकेका शहाण्या निर्णयाने.

*

व्हेनिस सोडून गेलेल्यांतला एक आपल्या ओळखीचा आहे. निकोलाव मनुची. सतराव्या शतकाच्या मध्याला, चौदा वर्षांचा असताना, जग पाहायचं म्हणून तो स्मिर्नाला निघालेल्या गलबतात लपून बसला. लिडो बेटाजवळच्या मुखातून गलबत बाहेर पडलं. तिथे आज पुराचं पाणी अडवायला पिवळ्या पोलादी झडपा आहेत, तेव्हा नुसता समुद्र होता. बाहेर आल्यावर परत सोडायला कुणी वळलं नसतं, हे त्या पोराला ठाऊक असणार.

तो 1656 मध्ये सुरतेला उतरला. मोगल शहजादा दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला, पुढे वैद्यकी केली, मिर्झा राजा जयसिंगाबरोबर दख्खनेत आला. 1665 मध्ये जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराज आले तेव्हा मनुची तिथे होता. महाराजांशी बोलल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. युरोपातल्या राजांबद्दल महाराज त्याला विचारत. व्हेनिसहून पळालेला एक तरुण आणि पुरंदरचा तह करायला आलेला राजा, एका राहुटीत. त्या दोघांपैकी एकाला परतीची वाट शोधायची होती आणि त्याने ती पुढच्याच वर्षी आग्र्याहून शोधली. दुसऱ्याने शोधली नाही. सहा दशकं हिंदुस्थानात काढून मनुची इथेच वारला.

स्वतः गेला नाही, पण म्हातारपणी त्याने लिहिलेलं व्हेनिसच्या सिनेटकडे पाठवलं, आणि त्यासोबत मोगल दरबारच्या मीर महंमद या चितारीकडून काढून घेतलेली चित्रंही. मजकूर सान मार्कोजवळच्या मार्चियाना ग्रंथालयात आहे. सान लाझारोची बोट जिथून सुटते तिथून चालत दहा मिनिटं लागत नाहीत. चित्रांचा ग्रंथ नेपोलियनच्या माणसांनी 1797 मध्ये उचलून पॅरिसला नेला आणि तो तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात राहिला. महाराजांचं घोड्यावरचं, आजूबाजूला पायदळ असलेलं जे चित्र आपण मीर महंमदाचं म्हणून ओळखतो, ते त्या ग्रंथातलं. व्हेनिसमध्ये ते नव्वदएक वर्षं होतं.